मन लावून रांधलेले आलू

माहं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी घर होतं आमचं. मी सात वर्साची होती तवा माय गेली, आन् घरात बाप, तीन भाऊ आन् मी एकटी पोरगी, तं मंग रांधाचं कोनाच्या गळ्यात पडंन, सांगा तुमी. भाताचा गंज माह्यानं उचलत नव्हता, तं पेज गाळाले शेजारची काकू येत जाये, बाकी सारं मीच. भात करपला तं बाप बोले, कच्चा राहिला तं भाऊ बोलत, आन् चांगला झाला तं कोनीच बोलत नव्हतं. तवापासून माहा चुलीवर राग आहे. लिहा जी, असंच लिहा, कायले लपवू.

लगन होऊन इथं सिहोऱ्याले आली तं मले वाटलं, सासू असंन, ते रांधंन, मी वरचं काम करीन. सासू माह्या लगनाच्या आधीच गेली होती, आन् मले कोनी सांगितलंच नव्हतं. घरात एक आमचे मालक आन् एक चूल. मालक राइसमिलवर पोते उचलाले जात, आन् मी बिड्या बांधाले बसली. शेजारच्या पारबता काकूच्या छपरीत आमी आठ-दहा बाया मांडीवर सूप घेऊन बसत जाओ, तेंदूचं पान कापाचं, तंबाखू भराचा, वळाचं, धागा बांधाचा, आन् तोंड चालूच. ते काम मले आवडलं. मी एका जागी रिकामी बसली का माह्या आंगात मुंग्या येतात. आताबी पाहा ना, तुमी लिहून राहिले आन् मी बांधून राहिली. हाताले सवय आहे, डोळ्याचं काम नाही पडत.

तं सयपाक म्हंजे काय, सकाळी एकदा गंजभर भात टाकाचा, त्याच्यावर मिरचीचा ठेचा नाही तं तेल-मीठ, आन् तोच भात सांजेले. भाजी कधी मन झालं तं, वरन पाहुना आला तं. मधात भूक लागली तं चौकातल्या हाटेलातला आलूबोंडा, नाही तं चहा आन् टोस. आमची चंदा तिसऱ्या बारीची, तिच्या आधीचे दोन लेकरं राहिले नाही जी, एक सव्वा महिन्याचं गेलं, एक वर्साचं. मंग हे पोट्टी जगली. आन् एवढ्या नवसाच्या पोट्टीले मी चहात बुडवून टोस खाऊ घालत जाओ. माया नव्हती असं नका समजू. माया होती, पन् चुलीपाशी जाले पाय उठत नव्हते.

थांबा जी, ते मांजर आली वाटते... नाही, कोनी नाही. काय सांगत होती मी. हां, बांगलादेशाची लढाई झाली, त्याच्या पुढच्या साली चंदा पाच वर्साची होती. दिवसभर चांगली खेळे, आन् दिवेलागनी झाली का दाराशी येऊन बसे, तं तिथून हालत नव्हती. मले वाटलं, कामचुकार आहे, माह्यावरच गेली. एक दिवस तिले म्हनलं, जा वो, तंबाखूचा डबा आन. ते उठली आन् सरळ माह्या सुपातच पाय टाकला, साऱ्या दिवसाच्या बिड्या मातीत, तंबाखू मातीत. मी तिले मारलं जी. दोन्ही हातानं मारलं, आन् म्हनलं, डोळे फुटले का तुहे. असं तोंडातून निघून गेलं. पोट्टी रडली पन् नाही, म्हने आई, दिवा नाही लावला तं मले काईच नाही दिसत, मी कसा आनू डबा.

मी तिथूनच हाक मारली. पारबता काकू आली, तिनं चंदाच्या तोंडापुढं हात फिरवला, पोट्टीची पापनी नाही हालली. काकू म्हने, रातोंध आहे हे, माह्या मामाच्या पोराले झालं होतं, लक्ष नाही देल्लं तं त्याचा एक डोळा पांढरा पडला, मंग दिवसाबी नाही दिसे. तवापासून माहा जीव थाऱ्यावर नाही. बिडी बांधता बांधता उठावं, पोट्टीचा डोळा उघडून पाहावा, बसावं, परत उठावं. मालक म्हनत, तू घडीघडी पाहून राहिली म्हनून ते बरं होते का. मी म्हनो, मंग तुमी सांगा काय करू.

दोन-दोन महिन्यानं बाजाराच्या दिवशी गावात एक नर्सबाई येत जाये, नवीनच बदलून आली होती, साताऱ्याकडची, बोलनं असं का पेपर वाचून राहिली. तिनं चंदाचा डोळा पाह्यला, म्हने हिला जेवायला काय देता. मी म्हनलं, भात. आणखी काय? मी म्हनलं, चहा-टोस. मंग ते म्हने, औषध संपलंय, पुढच्या फेरीला आणते, पण नुसत्या औषधानं भागणार नाही, घरात नीट स्वयंपाक करा, हिला रोज अळू खाऊ घाला, रोज, एक दिवस चुकवू नका, नाहीतर हिचा डोळा जाईल. मी म्हनलं, आलू? हो, अळू. रोज? रोज.

मंग मी रांधलं जी. जिंदगीत पहिल्यांदा मन लावून रांधलं. सकाळी उठली का आधी चूल, मंग बाकीचं. आलूचा रस्सा केला, आलूची सुकी भाजी केली, आलू-वांगं केलं, आलू उकडून मीठ लावून देल्ले, वरून हिरवागार सांबार टाकला. सांबार म्हंजे कोथिंबीर जी, तुमी ते इडलीवालं नका समजू. चुलीपुढं बसून मी मनातल्या मनात म्हनो, आज काय नवीन करू. जे बाई भातात मीठ टाकाले कंटाळे, ते बाई फोडनीत कडीपत्ता टाकाले लागली. बाया मले आलूवाली शेवंता म्हनत. पारबता काकू म्हने, आलूनं डोळा बरा होते हे मी काई ऐकलं नाही बापा. मी म्हनलं, शिकलेल्या बाईपेक्षा तुले जास्त समजते का. चंदा खाये जी, आवडीनं खाये, आन् मले वाटे, आता होईन, उद्या होईन.

आन् रोज दिवेलागनीले मी आंगनात एक बिडी टाको आन् चंदाले म्हनो, आन. ते खाली बसे, मातीवरून हात फिरवे, इकडं फिरवे, तिकडं फिरवे. कधी भेटे, कधी नाही भेटे. भेटली का हात वर करून म्हने, आई, दिसली मले. मले समजत होतं, दिसली नाही, हाताले लागली. एवढीशी पोट्टी माह्यासाठी खोटं बोलून राहिली होती. मी म्हनो, शाबास, आन् दुसऱ्या दिवशी अजून दोन आलू जास्त टाको.

दोन महिन्यानं नर्सबाई घरी आली. डोळा पाह्यला आन् तिचं तोंड उतरलं, म्हने हा तर कोरडा पडायला लागलाय, तुम्ही अळू दिलं नाही ना. मले असा राग आला जी. मी म्हनलं, देल्लं नाही कसं, रोज देल्लं, दोन वेळ देल्लं, हे पाहा, आजबी रांधून ठेवलं. झाकन काढून गंज तिच्यापुढं केला. ते गंजात पाहे आन् माह्याकडं पाहे. म्हने हे काय आहे. मी म्हनलं, आलू. अहो, हा बटाटा आहे. मंग आलू बटाटा नाही तं काय वांगं असते का, मी बी तापली. तं ते खाली बसली आन् काडीनं मातीत एक मोठं पान काढलं, म्हने असं असतं, पाण्याच्या जागेत येतं, त्याच्यावर पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो.

मी उठली. तिचा हात धरला आन् घरामागं सांदवाडीत नेलं. तिथं न्हानीच्या पानीवाटेवर माह्या कमरेइतके वाढले होते. हे का, म्हनलं. ते म्हने, हेच की. मी म्हनलं, अवो बाई, हा तं धोपा आहे.

आमच्याकडं धोपाच म्हनतात जी, अळू नाव कोनाच्या बापानं ऐकलं नव्हतं. पाच वर्सं चंदाच्या आंघोळीचं पानी पिऊन तो धोपा वाढला, आन् मी त्याचं एक पान तोडलं नव्हतं. काहून? तं त्याच्या शिरा सोला, चिंच टाका, शिजवत बसा, नाही तं घशाले खाजते, एवढं कोन करंन. आन् पोट्टीचा डोळा जाऊन राहिला होता. मी न्हानीच्या गोट्यावर बसली आन् दोन्ही हातानं आपलं तोंड झाकलं. नर्सबाई हासली नाही, हे मी विसरनार नाही. माह्याजवळ बसली, म्हने चूक माझीही आहे, मी पान म्हणाले असते तर कळलं असतं, मला तुमच्या बाजारात एक बाई म्हणाली, सांबार घ्या ताजा, तर मी खोलीवर जाऊन पातेलं घेऊन आले होते. मंग मीच हासली, रडता रडता हासली. तिनं पिशवीतून दवाई काढली, चंदाले चमचाभर पाजली, म्हने ही सहा महिन्यांतून एकदा, रोजचं औषध तुमच्या चुलीवर आहे.

ते गेल्याबरोबर मी पानं तोडली. आन् काय केलं, घाई केली. दोन महिने फुकट गेले म्हनून जीव नुसता पळून राहिला होता, शिरा अर्ध्याच काढल्या, चिंच भिजवाले सबुरी नव्हती, एक उकळी आली आन् गंज उतरवला. चंदानं दोन घास खाल्ले आन् घसा धरला. खोकली, रडली, डोळ्यातून पानी, म्हने आई, आलूच दे, आलू चांगला होता. दुसऱ्या दिवशी हिरवं पान पाह्यलं का पोट्टी घराबाहेर. आता सांगा, दवाई भेटली, भाजी भेटली, आन् माह्याच हातानं वाट लागली.

पारबता काकू म्हने, तुहा हात बिडीवर चालते तसा चुलीवर नको चालवू. तिनं शिकवलं मले. हाताले तेल लावाचं, देठ सोलाचा, पानाच्या शिरा एकेक काढाच्या, बारीक चिराचं, चिंचेचा कोळ सढळ हातानं टाकाचा, मूठभर चन्याची डाळ, आन् मंग शिजू द्याचं, पार लोन्यावानी होईपर्यंत. आन् तिथंच बसाचं. मले बसाले सांगितलं जी, मले. मी उठली का काकू म्हने, बस. मी सूप घेऊन चुलीपाशी बसली, म्हनलं तेवढ्या बिड्या होतीन, तं काकूनं सूपच उचलून नेलं, तंबाखूचा हात भाजीले लावतेस का, म्हने. मंग मी नुसती बसली. गुडघे हालवत बसली, पन् बसली. सयपाक आवडला म्हनून नाही बसली, भेवानं बसली. एका डोळ्यानं भाजी पाहो आन् एका डोळ्यानं दारातल्या पोट्टीले. चंदाले म्हनलं, एक घास खा, खाजलं तं मी तुले परत कधीच खा नाही म्हननार. तिनं जिभेच्या टोकाले लावला, थांबली, मंग दुसरा घास घेतला.

किती दिवस गेले मले मालूम नाही. भात आन् धोपा, वरन आन् धोपा, धोप्याच्या वड्या. एक दिवस सांजेले मी बिडी टाकली, म्हनलं आन. चंदा खाली बसलीच नाही. उभी उभी गेली, वाकली, उचलली आन् म्हने, आई, हिचा धागा सुटला आहे. मी पाह्यलं, खरंच सुटला होता. दवाईनं झालं का धोप्यानं झालं, नर्सबाई म्हने दोघांनी मिळून, आन् तुमच्या बसण्यानं. मंग तिची बदली झाली, कुठं गेली काय मालूम, सुखी असो.

आता चंदा पवनीकडं देल्ली आहे, नदीपल्याडच्या गावी. सासरी जातानी मायघरून धोप्याचा एक गड्डा घेऊन गेली, तिच्या न्हानीपाशीबी आता हे येवढा झाला म्हने. माहा कंटाळा गेला असंन असं वाटत असंन तुमाले, तं नाही गेला. मालक आन् मी दोघंच, मी परत भात-ठेच्यावर आली होती. आठ दिवस झाले, चंदा आली माहेरपनाले. चुलीच्या धुरानं डोळ्यापुढं अंधारी येते असं मी दोन वर्सांपासून साऱ्याले सांगून राहिली, मालकाले पटलं, तिले नाही पटलं. दुसऱ्याच दिवशी दिवेलागनीले तिनं माह्या सुपातली एक बिडी घेतली, आंगनात टाकली आन् म्हने, आई, आन.

मी गेली जी. खाली बसली, मातीवरून हात फिरवला, लागली हाताले, आन् म्हनलं, दिसली मले. मले चंदाचं तोंड दिसत नव्हतं. मंग ते उठून सांदवाडीत गेली आन् पानं तोडल्याचा आवाज आला.

मोतीबिंदू आहे, डाक्टरनं सांगितलं, धान कापनं झालं का भंडाऱ्याले नेऊन काढून आनतो म्हने चंदा. मोतीबिंदू धोप्यानं जात नाही, हे तिलेबी मालूम आहे आन् मलेबी. तरी ते दोन्ही वेळ रांधून राहिली आन् मी खाऊन राहिली. देव तिचे डोळे असेच ठेवो, तिच्या लेकराचे ठेवो, तुमचेबी ठेवो. तुमीबी दोन घास खाऊन जा, चूल पेटलीच आहे. आज सकाळी तिनं जराशी घाई केली वाटते, घसा खाजून राहिला माहा कवापासून, पन् तिले नका सांगू जी.