नातीच्या भाषणाचं पुस्तक

जिंतूरच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर चारठाण्याचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईंच्या मांडीवर बाबासाहेबांच्या चरित्राचं, चित्रांचं नवंकोरं पुस्तक.

"पिशवीत घाल ते. समदी गाडी बघायलीय."

"बघू द्या की. उद्या जयंतीला आपल्या कावेरीचं भाषण हाय."

"गांधीजयंतीला कर म्हणावं."

"त्या जयंतीला लय येळ हाय. मास्तरांनी उद्या बोलवलंय."

"इद्यापीठाच्या नामांतरापायी गावात माणूस माणसाला बोलंना. त्यात आपलीच नात भाषण करणार. भावकी काय म्हणल?"

"कावेरीच्या येळंला सून अडली, तवा कुठं होती भावकी? वढ्याला पूर आला होता. छातीएवढ्या पाण्यातनं कोण आलं?"

"नर्सबाई आली. मी कुठं न्हाई म्हणायलोय?"

"मंग हे चित्र बघा. एवढंसं लेकरू, वर्गात एकटंच पोत्यावर बसलंय. ते शिकलं, म्हणून त्यांच्या समाजाची पोरगी नर्स झाली."

"पोत्यावर बसवलं व्हय त्याला?"

"व्हय. घरनं आणलेल्या पोत्यावर."

"आपुन तरी काय केलं? अडलो तवा तिला घरात घेतलं. पोरगी झाल्यावर चहा अंगणात दिला."

"मीच दिला. त्यांच्यासाठी वळचणीला खोचलेल्या येगळ्या कपात."

"उद्या भाषण झालं की नर्सबाईला घरी आण. चुलीपाशी बसव, आपल्या कपात चहा दे. तिच्यामुळं सून आन् नात जित्या हायत, हे मी तिच्या तोंडावर म्हणतो."