पाकीट खरं की खोटं

धुकं म्हणजे किती धुकं असावं हो? तुम्हाला सांगतो, त्या सकाळी खिडकीतून धक्का दिसेना, वारा नाही, लाट नाही, सगळा न्यूफाउंडलंड ओल्या लोकरीत गुंडाळून ठेवलेला, आणि दुसऱ्या दिवशी कॉड धरायची मोकळीक सुरू होणार! घरच्या खाण्यापुरता मासा धरायला सरकार मोजकेच दिवस देतं, आणि आमच्या होडीची किल्ली कुठं? फिलोमिनाच्या ॲप्रनच्या खिशात! फिलोमिना म्हणजे आमची मंडळी. "रक्तदाब उतरेल तेव्हा किल्ली मिळेल, म्हाताऱ्या. तिकडं पाण्यात आडवा झालास तर ओढून कोण आणणार, मी?"

म्हणून तर मी त्या प्रयोगात नाव घातलं ना! मॅरिएल नावाची पोरगी आली होती, युनिव्हर्सिटीतली, डॉक्टर म्हणे, पण दिसायला माझ्या नातीएवढी. गावच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांना बसवून सांगायला लागली, "लिअँडर काका, कॉडच्या कातडीतलं प्रोटीन म्हणजे गाठीगाठींचा लांबलचक दोर समजा. तो आम्ही कापतो. कापून जे दोन-चार गाठींचे बारके तुकडे उरतात, ते पेप्टाइड. त्यानं रक्तदाब उतरतो का, ते बघायचंय." मी म्हटलं, "पोरी, ती कातडी तर आम्ही जन्मभर धक्क्यावरून पाखरांना फेकली!" मागून आमचा ॲम्ब्रोस ओरडला, "म्हणूनच एकाही पाखराला ब्लडप्रेशर नाही!" हा माझा शेजारी. आम्हा दोघांत होडी एकच.

इथवर ठीक होतं हो. पण मग ती म्हणाली, निम्म्या लोकांच्या पाकिटात खरी पूड आणि निम्म्यांच्या खोटी, आणि कुणाला कोणती ते तिलाही ठाऊक नाही. घ्या! वाढणारीलाच ठाऊक नाही ताटात काय आहे! मग माझं पाकीट खरं की खोटं?

झालं, भुंगा लागला. सकाळी पूड पाण्यात ढवळायची आणि घोटायची... कडू! इतकी कडू, की तोंडाचं गाठोडं व्हायचं. मला बरं वाटलं, एवढी कडू म्हणजे खरीच असणार. तर मॅरिएल हसून म्हणते, "काका, बारके तुकडे कडूच लागतात. म्हणून खोटी पूडही मुद्दाम कडू केलीय, नाहीतर तुम्ही ओळखाल." खोटं प्यायचं ते प्यायचं, वर तोंडही वाकडं करायचं? चहा पिताना तेच, जाळं विणताना तेच, चर्चमध्ये डोळे मिटले तरी तेच... पाकीट खरं की खोटं?

आणि तो ॲम्ब्रोस! दिवसेंदिवस गालांवर लाली, चालताना शिट्टी. मी पडद्याआडून बघायचो, म्हणायचो, याचंच खरं! एकदा तो नेहमीसारखा दार न वाजवता स्वयंपाकघरात शिरला, स्वतःच किटलीतला चहा ओतून घेतला आणि तोंड पाडून बसला. "लिअँडर, काल तू टेकडी न थांबता चढलास. मी पडद्याआडून बघत होतो. तुझंच पाकीट खरं."

"वेड्या, मला तर तुझं वाटतंय!"

आता तुम्हीच सांगा, एका होडीतल्या दोघांनी काय करायचं? मासा कुणाच्याही गळाला लागो, धक्क्यावर आला की निम्मा-निम्मा, आमच्या बापांपासून असंच चालत आलंय. आम्ही दोघांची सगळी पाकिटं फोडली, फिलोमिनाच्या बिस्किटाच्या डब्यात ओतली, मोठ्या चमच्यानं ढवळली आणि निम्मी-निम्मी वाटून घेतली. कुणावर अन्याय नको!

तर त्या धुक्याच्या सकाळी मॅरिएल रक्तदाब मोजायला घरी आली. ॲम्ब्रोस बघायला हजर. दंडावर पट्टा आवळला, मशीन गुरगुरलं, आणि माझ्या मनात काय? खरं की खोटं, खरं की खोटं... "अरेरे काका, चढलाय हो," ती म्हणाली. फिलोमिनानं खिशावरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांपुढं होडी किनाऱ्यावर पालथी पडलेली! तेवढ्यात ॲम्ब्रोस माझी बाजू घ्यायला पुढं आला, "असं कसं होईल, पोरी? त्यातली निम्मी तरी खरी असणारच ना!"

"निम्मी म्हणजे?"

यानं सगळं सांगितलं. छाती फुगवून सांगितलं! डबासुद्धा दाखवला! त्या बिचारीनं कपाळ टेबलावर टेकलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघंही प्रयोगातून बाद."

"पण खरं कुणाचं होतं?"

"ॲम्ब्रोस काका, ते मला प्रयोग संपल्यावर कळेल. आणि डब्यात ढवळल्यावर आता विचारून काय उपयोग?"

फिलोमिनानं तिला काकवीचा पाव दिला, मला चहा दिला. आणि काय सांगू तुम्हाला, बसल्या बसल्या छातीवरचा धोंडाच उतरला हो! पाकीटच नाही, मग खरं काय नि खोटं काय? मॅरिएल निघताना म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांना कळवायला एकदा शेवटचं मोजते." मोजलं... उतरलेला! तिनं पुन्हा मोजलं, तरी उतरलेला! फिलोमिनानं किल्ली टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी धुकं फिटलं. आम्ही दोघं होडीत, इंजिन बंद, गळ खाली, समुद्र कसा शांत, आणि पहिलाच कॉड दोरीला हिसके देतोय. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच डोक्यात काही नव्हतं... काही म्हणजे काही नव्हतं! ॲम्ब्रोस मात्र गप्प. हा माणूस कधी गप्प बसतो का? मी म्हटलं, बोल बाबा, काय ते बोलून टाक. तर पाण्याकडं बघत हळूच म्हणतो,

"रागावू नकोस, लिअँडर... पण ती पोरगी मशीनसुद्धा निम्म्या लोकांना खरं आणि निम्म्यांना खोटं लावत असेल का रे?"