नाखव्याचा न सुकणारा हार

श्रोतेहो, चित्त स्थिर करा! मृदंगवाले, बोटांना क्षणभर विश्रांती द्या. आज या सेवकाचा आपल्याला एकच प्रश्न आहे — देवाला अर्पण केलेली वस्तू जाते कुठे?

"देवाकडे!" — वा! खांबामागून उत्तर आले. ज्यांना प्रसादाची घाई, त्यांची उत्तरे सदैव तयार! आता ऐका.

सागरतीरी एक कोळीवाडा. तेथे धर्माजी नावाचा नाखवा, म्हणजे होडीचा धनी, वास्तव्य करीत असे. त्याची कन्या राधी बहुत वर्षे अपत्यासाठी झुरत होती. अखेर नाखव्याने समुद्रासमोर हात जोडले — "दर्यादेवा, नातू दे, तुला होडीएवढा लांब हार घालीन!" दर्या उदार! नातू झाला!

आता हार हवा. पत्नी चांगुणा म्हणाली, "झेंडू आणा, शेवंती आणा."

"खुळी काय गं? फुलं सांजच्याला सुकतील. माझी भक्ती काय सुकणारी हाय?"

आणि महाशयांनी बाजारातून प्लास्टिकच्या फुलांचा हार आणला! लालभडक! गंध नाही, परंतु मरणही नाही — साक्षात अमरत्व, तेही घासाघीस करून!

नारळी पौर्णिमेला वाजतगाजत अर्पण झाले. मंडळी, तेथील समजूत अशी, की वस्तू बुडाली तर देवाने स्वीकारली. काठाला परतली तर देव रुसला. मग हाराने काय केले? भरतीबरोबर मुकाट घरी आला!

"अवो, तुमचा हार माघारी आलाय!"

"लाजला आसंल दर्या," नाखवा म्हणाला, आणि होडी काढून हार खोल पाण्यात सोडून आला. तेव्हापासून मासेमारीस जाताना त्याची दृष्टी जाळ्यावर कमी, हारावर अधिक!

वाऱ्याने हार शेजारच्या गावी नेला. तेथील भाविकांनी नमस्कार केला आणि पुन्हा ढकलला — परक्याचा नवस कोण ठेवून घेईल? उन्हाने पाकळ्या तडकल्या, लाटांनी कुटल्या, चुरा पाण्यात मिसळला. उरलेल्यावर शेवाळ चढले, शेवाळावर बारीक शिंपले बसले, हार जडावला — आणि एके सकाळी नाखव्याच्या देखत, गुडूप!

"घेतला! दर्यानं घेतला!" नाखवा होडीतच नाचला. अवघ्या कोळीवाड्याला पेढे!

मंडळी, दिसेनासे झाले म्हणजे नाहीसे झाले काय? केर पलंगाखाली सारला, तर घर स्वच्छ होते काय? ताई, हसू नका, मी आपल्या घरी आलेलो नाही!

पुढे नातवाचे उष्टावण आले. नाखव्याचा हट्ट — "माझ्या नातवाचा पयला घास माझ्याच जाळ्यातल्या मासळीचा!" तळाशी चरणारा थोरला मासा त्याने स्वहस्ते आणला. पाहुणे जमले. चांगुणा विळीवर बसली, माशाचे पोट चिरले — आणि थबकली.

थोड्या वेळाने तिने एक ताटली नातवापुढे आणून ठेवली. तीत धुतलेल्या लाल पाकळ्या!

"ह्ये काय?" नाखव्याने विचारले.

"परसाद," चांगुणा म्हणाली. "तुमचा हार दर्यानं घेतला न्हवं? मग परसाद नको धाडायला? घ्या. भरवा नातवाला!"

राधीने लेकरू उराशी ओढले. "आबा, ह्या दिसल्या म्हनून कळलं. ज्यांचा चुरा जाला, त्या कशा दिसतील?"

ज्या दर्याने नातू दिला, त्याच्याच ताटात नाखव्याने हे वाढले होते! त्याची मान वर होईना. लेकराला त्याने तांदळाची खीर भरवली. दुसऱ्या दिवसापासून जाळ्यात आलेला कचरा नाखवा पाण्यात परत टाकीना, होडीत भरून किनाऱ्याला आणू लागला. लोक टोमणे मारीत, "काय नाखवा, आज मासळी का फुलं?"

"फुलं," तो म्हणे. "माझीच हायत."

आता श्रोतेहो, कृपया माझ्या गळ्याकडे पाहा! अध्यक्षमहोदयांनी अत्यंत प्रेमाने हा हार घातला. मी स्पर्श करून पाहिला. पाकळ्या प्लास्टिकच्या — आणि त्यांवरचे दवबिंदूसुद्धा! आरतीनंतर हा निर्माल्याच्या पिशवीत, आणि पिशवीसकट खाडीत, असा आपला शिरस्ता. आज तसे नको. हा याच खांबावर टांगू. ज्या दिवशी सुकेल, त्या दिवशी आपण सर्व मिळून वाजतगाजत विसर्जन करू.

अध्यक्षमहोदय, खिळा मागवा. मजबूत मागवा — आपल्या पणतवंडांपर्यंत टिकला पाहिजे!