थर्माकोलच्या टेकडीतला मावळा

थर्माकोलला कधी ऑइलपेंट लावू नका. आम्ही लावला होता, म्हणून सांगतोय.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. साताऱ्यात मी आणि दिलीप टेबलावर लढाया खेळायचो. शिपाई म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, आणि डोंगर थर्माकोलचे. त्या दिवशी एका टेकडीला हिरवा रंग फासला, तर रंगच थर्माकोल खायला लागला. टेकडीच्या पोटात ही एवढी कपार पडली. आता पडलीच आहे म्हणून दिलीपनं तिच्यात एक मावळा उभा केला.

तेवढ्यात पलूसहून त्याचे चुलते आले, तात्या. एकाहत्तरच्या लढाईवरनं परतल्यापासून माणूस फारसा बोलायचा नाही. टेबलापाशी आले आणि थबकले.

"ही टेकडी कुणी दाखवली रं तुमाला?"

"कुणी न्हाई तात्या, मनानंच केली."

"आन् ही कपार?"

"रंगानं पडली."

ते वाकून आत बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याला भायेर काढा."

दिलीप हसला. "आवं, मातीचा हाय त्यो!"

"काढा म्हन्तो न्हवं! वरनं बसनार हाय ते."

दिलीपनं हात पुढं केला आणि टेकडी खचली. जरासुद्धा आवाज नाही. मावळा आत गडप.

"तवाबी आवाज झाला न्हाई," तात्या म्हणाले.

त्यांनीच बोटं घालून त्या चिकट लगद्यातनं मावळा उपसला, रुमालानं त्याचं तोंड पुसलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. चहाला थांबले नाहीत. दारातनं जाताना खिशावर हात ठेवून म्हणाले,

"चल रं गड्या. लय उशीर झाला मला."