दुधीच्या जोडीला कादंबरी

आमच्या सासूबाईंनी तर्री सोडली म्हणून तुम्ही माझी तारीफ करता, पण ती मी नाही सोडवली. एका कादंबरीनं सोडवली.

शुगर वाढली तसं डॉक्टरांनी तेल बंद सांगितलं. मी मोबाईलवर पाहून वाफवलेला दुधी, ज्वारीचा उपमा असं करू लागली. ज्यांना भाजीवर बोटभर तेलाची तर्री लागे, त्या ताट सरकवून म्हणायच्या, "हे ढोरायले टाक."

एका दुपारी त्या अशाच रुसून बसल्या होत्या आणि मी वाचनालयातली एक हलकीफुलकी कादंबरी वाचत होती.

"काहून हसून राह्यली व?"

"नवऱ्याशी भांडून माहेरी आलेल्या बाईची गोष्ट आहे, आई."

"मोठ्यानं वाच."

मी वाचू लागली. ऐकता ऐकता त्यांनी ताटातला दुधी कधी संपवला, त्यांचं त्यांनाच समजलं नाही. मग तोच नेम पडला. त्या जेवायला बसल्या की मी पुस्तक उघडायची. गोष्टीतला नवरा त्या बाईला न्यायला आला, तेव्हा तर म्हणाल्या, "एवढ्यात जाऊ नोको म्हण तिले," आणि भाजी पुन्हा वाढून घेतली. शुगर उतरली तशी मी मनातून त्या बाईचे आभार मानले.

काल जेवण अर्ध्यावर असताना शेवटचं पान आलं. दोघांचं जुळलं. मी पुस्तक मिटलं.

"संपली?"

"संपली, आई."

सासूबाईंनी उरलेल्या दुधीकडे पाहिलं.

"मंग हे आता कोणाच्या भरोशावर खाऊ?"