वकीलसाहेबांचं वाय-फाय

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कळमनुरीत आमच्या गल्लीत पहिलं वाय-फाय घेतलं शेजारच्या वकीलसाहेबांनी, पुण्यातल्या नातीला लॅपटॉपवर बघायला. पण नात दिसायची अन् बोलता बोलता तशीच अडकायची. मी जाऊन पाहिलं, तर पासवर्डच न्हाई. ज्याच्या घरी लॅपटॉप, तो वकीलसाहेबांच्या नेटवर पिक्चर उतरवून राहिला होता. मी पासवर्ड टाकून दिला. त्या संध्याकाळी नातीनं पूर्ण कविता म्हणून दाखवली. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे गुरुजी दारात हजर.

"साहेब, तुमचं नेट बंद पडलंय. तुमाला कोर्टातून सवड न्हाई, म्हणून आमीच तुमच्या नावानं तक्रार केली."

वकीलसाहेब भिडस्त माणूस. "बरं केलं," म्हणाले अन् कोर्टात गेले.

दुपारी दुरुस्तीवाला येऊन गेला. संध्याकाळी नात पुन्हा अर्ध्या शब्दावर थांबली. वकीलसाहेबांनी त्याला फोन लावला.

तो म्हणाला, "साहेब, कोणीतरी पासवर्ड टाकून ठेवला होता, तो काढून टाकला. गुरुजींनी गल्लीभर फिरून बघितलं, आता घरोघरी बराबर चालून राहिलं."