पाणी निवळायची वाट

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. आई-बाप दरसाल माजलगावकडं ऊसतोडीला जायचे, मी चवथीतनं शाळा सोडली ती फडावरच्या पाचटाच्या कोपीत भाकरी थापायला अन् बारक्या भावंडांना सांभाळायला, अन् लगीन झालं तेबी तोडीवाल्याच्याच घरात. काय सांगू ताई तुमाला, आमच्याकडं पाणी म्हंजे गावाखालचा तलाव. काठाला जनावरं उतरतात, तिथं पाणी राडीवानी, गुडघ्याएवढं, पोरंसोरं तिथंच डुंबतात. आत काळंशार नितळ दिसलं की म्हातारी माणसं वरडायची, तिकडं जाऊ नगा रे, तिथं खोल हाय. गढूळ तिथं उथळ, नितळ तिथं खोल, एवढं आमाला न शिकवता येतं.

आमच्या मालकांचे, घरधन्याचे, दोस्त मालवणाकडं धक्क्याच्या कामावर व्हते, त्यांच्या मागं आमी आलो. मग मालकांना होडीवर काम लागलं. इथं एक हापिस हाय, ते दर महिन्याला ठरल्या जागांवरनं समुद्राचं पाणी भरून आणतंय, त्यात गाळ किती तरंगतोय ते बघायला. मालक बाटल्या भरायचे. होडी हाकणारा तांडेल थट्टेखोर, म्हणायचा, काय रे बीडकर, तुमच्या गावाक टँकर येता आणि तू हंय दर्या भरून न्हेतंस. मालक म्हणायचे, तुमचं खारं आमी नेतो, तुमी आमाला गोडं धाडा की.

मागल्या सालच्या श्रावणात खाडीच्या तोंडाशी होडी काठाला लावताना दोर सुटला. पाणी चहावानी झालेलं. मालकांना वाटलं, एवढं गढूळ हाय म्हंजे गुडघाभरच असंल, अन् दोर धरायला त्यांनी पाय खाली टाकला. तांडेल वरडला, अरे थांब, थंय खोल आसा. तवर गेलते. ओहोटी लागलेली, पाणी भायेर वढत व्हतं. कोळ्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं, पण त्या पाण्यात हात बुडवला तर हात दिसंना, माणूस कसा दिसावा.

हापिसातल्या मॅडमचे उपकार फिटायचे न्हाईत. त्यांनी मला आतल्या कामाला ठेवलं. बाटलीतलं पाणी गाळणकागदावर वतायचं, पाणी खाली जातं, गाळ वर राहतो, तो वाळवून तोलायचा. मॅडमनी समजावलं, पावसाळ्यात नद्या माती आणतात, लाटा तळ ढवळतात, दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की गाळ खाली बसतो. मी मान डोलावली. पण भाद्रपदात कागद तपकिरी निघायचा तवा मी तो उजेडात धरून बघायची. वाटायचं, ही माती त्यांच्या अंगावरनं तर आली नसंल. तवापासनं मासा तोंडात घातला न्हाई, लोक हसले तर हसू द्या.

सासूनं मला कुंकू पुसू दिलं न्हाई. म्हणली, लेकाला डोळ्यानं पाहिल्याबिगर मी दहावं करणार न्हाई. दर बाजाराच्या दिवशी फोन करायची, पाणी निवळलं का गं? ती निवळायची वाट बघायची अन् मला त्याचीच भीती. निवळलं अन् ते दिसले तर मी काय करू, अन् न्हाई दिसले तर काय करू.

पौषात कागद जवळजवळ पांढरा राहिला. मी तांडेलाला म्हणलं, दादा, मला त्या जागंवर न्या. तो म्हणला, वयनी, कित्याक जीवाक त्रास करून घेतास. पण नेलं. मी होडीची कड धरून वाकले. तळ दिसत व्हता ताई, सगळा. वाळूवर लाटांच्या रेघा, एक खेकडा तिरका पळाला. एक माणूस दिसला अन् काळीज हाललं, ती माझीच सावली व्हती. बाकी कायबी न्हाई.

सासूला फोनवर सांगितलं, आत्या, पाणी निवळलं, ते तिथं न्हाईत. ती म्हणली, मग माझा लेक दुसरीकडं कुटं असंल बाई, तू तिथनं हलू नको, आला तर तुला कुटं हुडकील. मी व्हय म्हणलं.

आता वैशाखाचं वारं सुटलंय, कागद परत पिवळा पडायलाय. मॅडम चांगल्या हायत, पोटाला मिळतंय. सकाळी कुंकू लावते, कुणाच्या नावानं ते मला इचारू नका. ताई, तुमचं माणूस रोज दिवेलागणीला दारात दिसो.